आजारी मुलाजवळ बसल्यावर काय पाहावे

जूनमध्ये पाऊस लागला आणि शाळा-बालवाड्या भरू लागल्या, की लहान मूल असलेल्या घराला आजारपण चुकत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणे हे सर्वसामान्य मानले जाते. त्यात एखाद-दुसऱ्या वेळचे जुलाब आणि तीन-चार दिवसांचा ताप यांची भर पडली, की आईवडिलांना मूल सारखेच आजारी आहे असे वाटू लागते. यांतील बहुतेक आजार विषाणूंमुळे होतात आणि आपली मुदत भरली की जातात. अशा आजारात घरच्या माणसांना ठरवायचे असते ते एवढेच, की हे मूल घरी राहून बरे होण्यासारखे आहे की त्याला आत्ताच दवाखान्यात न्यायला हवे. हा निर्णय थर्मामीटरवरचा आकडा पाहून किंवा कपाटातल्या बाटल्या चाळून होत नाही. मुलाचा श्वास, त्याची लघवी आणि त्याची हुशारी या तीन गोष्टींकडे सावकाश, पुन्हा पुन्हा पाहिल्याने तो होतो, अशी माझी ठाम समजूत आहे.

मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे. माझी मोठी बहीण सातारा जिल्ह्यातील एका उपकेंद्रावर अनेक वर्षे आरोग्यसेविका होती, आणि मुलाकडे कसे पाहावे हे मी पुष्कळसे तिच्याकडून शिकले. पुढे जे लिहिते आहे ते आरोग्यसेविकांना आणि आशाताईंना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाशी जुळणारे आहे. आपल्या मुलाच्या डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे.

श्वासापासून सुरुवात करते, कारण घरी सर्वांत कमी पाहिली जाणारी गोष्ट हीच आहे. सर्दी-खोकल्याच्या मुलाची छाती घरघरते, नाक वाहते, खोकल्याने तोंड लाल होते, आणि या आवाजाने घाबरून आपण धावपळ करतो; उलट न्यूमोनिया झालेले मूल कधी कधी फारसे खोकतही नाही, ते फक्त भराभर श्वास घेत पडून असते. मूल शांत असताना, शक्यतो झोपलेले असताना, त्याचे झबले वर करावे आणि पोटाकडे पाहावे. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास झाला. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची घाई करू नये, कारण तान्ह्या मुलाचा श्वास एकसारखा नसतो, तो मध्येच थबकतो आणि मध्येच भराभर चालतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक असतील, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक असतील, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर तो जलद श्वास समजतात. तान्ह्या बाळाच्या बाबतीत पहिला आकडा जास्त आला तर लगेच दुसऱ्यांदा मोजून खात्री करावी. तापामुळेही श्वास वाढतो, म्हणून थोड्या मोठ्या मुलाच्या बाबतीत ताप उतरल्यावर पुन्हा मोजून पाहणे योग्य. पण तरीही श्वास जलदच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मोजण्याइतकेच महत्त्व पाहण्याला आहे. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, म्हणजे बरगड्यांखालची जागा, आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येत असेल, शांत झोपलेले असतानाही घशातून घोरल्यासारखा कर्कश आवाज निघत असेल किंवा ओठ आणि जीभ निळसर दिसत असतील, तर मोजत बसायचे कारण नाही, मूल उचलावे आणि निघावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेच्या कामातून हे दाखवून दिले, की श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणे आणि त्यावर वेळेत औषध देणे हे काम प्रशिक्षण घेतलेले गावातले माणूसही करू शकते, आणि त्याने बालमृत्यू कमी होतात; हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले एक साधे साधन केले होते. रानावनातल्या दाईला जे साधले ते हातात सेकंदाचा काटा असलेल्या आपल्याला न साधण्याचे काहीच कारण नाही, असे मला नेहमी वाटते.

साध्या सर्दी-खोकल्यात घरी करण्यासारखे थोडेच असते आणि ते पुरेसे असते. तान्ह्या बाळाचे नाक चोंदले की त्याला अंगावर पिता येत नाही. अशा वेळी औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मीठ-पाण्याचे थेंब पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत घालावेत. एक वर्षावरील मुलाला रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिल्याने खोकल्याची उबळ कमी होते. वर्षाच्या आतील बाळाला मात्र मधाचे बोटही लावू नये, कारण मधातील काही जिवाणूंचे बीजाणू त्याच्या आतड्यात वाढून स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. जन्मल्यावर बाळाला मध चाटवण्याची रीत अजून अनेक घरांत आहे, आणि ती घरातल्या ज्येष्ठांना दुखावून का होईना, थांबवायला हवी. नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड येऊ लागला म्हणजे प्रतिजैविक हवेच, असे नाही. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचा रंग बदलतो. खोकला ताप उतरल्यावरही दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. मात्र खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला आणि जोडीला ताप असेल, वजन वाढत नसेल किंवा घरात कुणाला क्षयरोग झालेला असेल, तर मुलाची तपासणी करून घ्यावी.

खोकल्याच्या बाटल्यांबद्दल मला थोडे कठोरपणे लिहायचे आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधामुळे वीसहून अधिक लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, आणि त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलेले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हा विषारी द्रव सापडला. महाराष्ट्राला हे नाव नवे नव्हते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रवाने दूषित झालेले ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले होते आणि त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली होती. छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. भेसळीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी या वयात ही औषधे खोकला बरा करतात याला चांगला आधार नाही, आणि झोप येणे, चिडचिड, हृदयाची धडधड असे त्यांचे त्रास मात्र होतात. म्हणून ‘मागच्या वेळी ज्याने बरे वाटले होते ते’ म्हणून उरलेली बाटली काढणे किंवा मूल घरी ठेवून दुकानदाराला ‘खोकल्याचे काहीतरी द्या’ म्हणणे, हे दोन्ही आपण सोडले पाहिजे.

आता जुलाब. आपल्याकडे यातच सर्वांत जास्त गैरसमज आहेत, आणि योग्य वागले तर सर्वांत जास्त जीव वाचवता येतात तेही यातच. जुलाब झालेल्या मुलाच्या जिवाला धोका असतो तो शरीरातून निघून जाणाऱ्या पाण्यापासून आणि क्षारांपासून. ते ज्या वेगाने जाते त्याच वेगाने परत भरले, तर आतडी आपली आपण सावरतात. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात सीमेवरील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, आणि तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. छावणीतला मृत्यूचा दर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. यामागचे कारण साधे आहे: जुलाबात आतड्याची इतर शोषणशक्ती मंदावली, तरी साखर आणि मीठ जोडीने आत घेण्याची त्याची क्षमता शाबूत राहते, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणीही आत ओढले जाते. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आज आपल्याला तीच जलसंजीवनी ओआरएसच्या पुडीत मिळते. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे ती फुकट असते. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पुडी २०० मिलिलिटरसाठी. पुडीवर जे लिहिलेले आहे तेच प्रमाण पाळावे. एक लिटरची अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकणे धोक्याचे आहे, कारण दाट द्रावणातील जास्तीच्या मिठाने मुलाच्या मेंदूला इजा होऊ शकते. आणि पातळ द्रावणाचा उपयोग होत नाही. उकळून गार केलेले पाणी मोजून घ्यावे, पूर्ण पुडी त्यात विरघळवावी, झाकून ठेवावे आणि २४ तासांनी उरलेले टाकून द्यावे. पुडी मिळेपर्यंत घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ हे प्रमाण आहे. हे पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. दुकानातल्या खोक्यांतून मिळणारी गोड, रंगीत पेये या कामाची नाहीत. त्यांत साखर फार आणि क्षार थोडे असतात, त्यामुळे जुलाब वाढू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी न जुळणाऱ्या अशा पेयांच्या नावात ओआरएस हे शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. त्यासाठी हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षे झगडत होत्या, आणि त्यांचे आपण सर्वांनी आभार मानायला हवेत. पुडी घेताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर, आणि त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप द्यावे. उलटी झाली की ‘पाणीही पोटात ठरत नाही’ म्हणून पाजणे बंद करण्याची आपली सवय चुकीची आहे. उलटीनंतर दहा मिनिटे थांबावे आणि मग चमच्याने, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, अशा गतीने पुन्हा सुरू करावे. रात्री दोन वाजता हे करत बसणे कंटाळवाणे असते, हात अवघडतो, मूल तोंड फिरवते. पण सलाइनची सुई टळते ती या चमच्यानेच. बाळ अंगावर पीत असेल तर ते कोणत्याही कारणाने थांबवू नये. मोठ्या मुलाला मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, भाताची पेज, केळे, ताक असे रोजच्या सवयीचे अन्न थोडे थोडे करून पाच-सहा वेळा द्यावे. आजारी मुलाला उपाशी ठेवून ‘पोटाला आराम’ देण्याच्या कल्पनेने आधीच अशक्त असलेली मुले कुपोषणाच्या खाईत जातात. जोडीला झिंकची गोळी असते: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला दिवसाला १० मिलिग्रॅम आणि त्यापुढच्या मुलाला २० मिलिग्रॅम, अशी १४ दिवस, जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरीही. ती चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळते. तिच्यामुळे जुलाबाची मुदत कमी होते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांतला धोकाही घटतो. बहुतेक जुलाबांत प्रतिजैविकाची गरज नसते, आणि मोठ्यांना दिली जाणारी जुलाब थांबवण्याची गोळी लहान मुलाला कधीही देऊ नये. तिने आतड्याची हालचालच मंदावते, पोट फुगते आणि घाण आतच साचते.

आणि इथेच लघवीकडे पाहायचे असते. सहा ते आठ तासांत मुलाने लघवी केली नसेल, किंवा ती गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे. डोळे खोल गेलेले, रडताना पाणी न येणे, जीभ कोरडी, तान्ह्या बाळाची टाळू आत गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश पूर्ववत होणे, ही पुढची लक्षणे आहेत. पाणी पुढे केल्यावर मूल हपापल्यासारखे पीत असेल तर अजून वेळ आहे, पाजत पाजत दवाखाना गाठावा. पण ते पिण्याइतकेही सावध नसेल, मलूल होऊन पडले असेल, तर ती तातडीची वेळ आहे. शौचातून रक्त पडणे, हिरवी उलटी होणे, दर तासाला अनेक मोठे पातळ जुलाब होणे, यांतील एकही गोष्ट असेल तर घरी थांबू नये. रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात मोफत दिली जाते. तीव्र जुलाबांच्या एका मोठ्या कारणापासून ती संरक्षण देते.

तापाची आपल्याला सर्वांत जास्त भीती वाटते. माझ्या मते ती भीती चुकीच्या ठिकाणी आहे. ताप म्हणजे शरीर जंतूंशी झुंजत असल्याची खूण, आणि तीन महिन्यांपुढच्या मुलाचा आजार किती गंभीर आहे हे केवळ तापाच्या आकड्यावरून ठरत नाही. १०३ ताप असूनही औषधाने उतरल्यावर खेळणारे, हसणारे, पाणी मागणारे मूल मला १०० अंश तापात नजर न देता निपचित पडलेल्या मुलापेक्षा कमी काळजीचे वाटते. याला एकच मोठा अपवाद आहे: तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर बाळ कितीही बरे दिसत असले तरी त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यावे. काखेतला आकडा थोडा कमी येतो, म्हणून तिथे ९९.५ च्या पुढे गेला की ताप समजावा. इतक्या लहान बाळाचे अंग थंड पडणे हेही तापाइतकेच गंभीर आहे.

पॅरासिटामॉल हे घरी द्यायचे तापाचे एकमेव औषध असावे, आणि ते वजनावर द्यावे; वयावर किंवा झाकणावर नव्हे. एका वेळी दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास आणि २४ तासांत चारपेक्षा अधिक वेळा नाही, असा हिशेब आहे. चूक होते ती बाटलीच्या तीव्रतेत. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे ठरले, तर ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे सव्वासहा मिलिलिटर होतात, २५० मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे तीन मिलिलिटर, आणि एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे अवघे दीड मिलिलिटर. तिन्ही बाटल्या एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या खोक्यांत असू शकतात. आजीने ‘नेहमीचे एक झाकण’ म्हणून थेंबांच्या बाटलीतून पाच मिलिलिटर दिले, तर ती तिपटीहून अधिक मात्रा झाली, आणि अशी मात्रा दिवसभर जात राहिली तर यकृताला इजा होते. घरातल्या प्रत्येक बाटलीवर ‘अमुक मिलिलिटर, अमुक किलोसाठी’ असे ठळक लिहून ठेवावे आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी मुलाचे वजन करून तो आकडा बदलावा. सर्दीच्या संयुक्त औषधांतही पॅरासिटामॉल असते, म्हणून दोन बाटल्या एकत्र देऊ नयेत. ऍस्पिरिन मुलांना द्यायचेच नाही. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. आयबुप्रोफेन आणि मेफेनामिक ऍसिड ही औषधे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नयेत, आणि पावसाळ्यात तर विशेष जपावे, कारण ताप डेंग्यूचा निघाला तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

तापात मुलाला गोधडीत गुंडाळणे आणि डोक्यावर बर्फ ठेवणे, ही दोन्ही टोके टाळावीत. सुती, सैल कपडे घालावेत, खोलीत हवा खेळू द्यावी, आणि मुलाला बरे वाटत असेल तर कोमट पाण्याने अंग पुसावे. थंड पाण्याने कापरे भरते आणि आतला ताप उलट वाढतो. कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत लहान मुलांसाठी सोडून द्यावी, कारण त्यातील अल्कोहोल कातडीतून आणि श्वासातून शरीरात जाते.

डेंग्यूच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते. त्यात धोक्याचा काळ बहुधा ताप उतरल्यावर सुरू होतो, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. ताप गेला म्हणून घर निर्धास्त होते आणि नेमके तेव्हा मुलाचे पोट दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, मूल अस्वस्थ किंवा सुस्त होते. ताप उतरला आणि मूल मात्र उतरत्या तापाबरोबर खुलत नाही, असे दिसले तर त्याच तासाला रुग्णालयात न्यावे.

सहा महिने ते पाच-सहा वर्षांच्या काही मुलांना ताप चढताना आकडी येते. डोळे फिरतात, हातपाय ताठतात, तोंडाला फेस येतो. पाहणाऱ्याचा जीव अर्धा होतो. अशा वेळी मुलाला सपाट जागेवर कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. दातांत चमचा घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि त्यांनी मेंदूला कायमची इजा होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, एकाच दिवसात पुन्हा आली किंवा नंतर मूल शुद्धीवर आले नाही, तर १०८ ला फोन करावा. पहिल्यांदा आकडी आलेल्या प्रत्येक मुलाला, ती लगेच थांबली असली तरी, त्याच दिवशी दाखवून आणावे. घरात दुसरे माणूस असेल तर त्याने फोनवर चित्रण करून ठेवावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

अंगावर पुरळ उठणाऱ्या आजारांबद्दल थोडक्यात. कांजिण्यांत पाण्याचे फोड टप्प्याटप्प्याने उठतात, त्यामुळे एकाच वेळी नवे फोड आणि वाळलेल्या खपल्या दोन्ही दिसतात. सर्व खपल्या धरेपर्यंत मूल घरी ठेवावे, नखे कापावीत, आणि कोमट पाण्याने आंघोळ घालायला हरकत नाही. गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे असतात, मग कानामागून आणि चेहऱ्यावरून पुरळ खाली पसरत जाते. गोवराला किरकोळ समजू नये. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ आली तेव्हा मुले दगावली. गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला डॉक्टरांकडे नेऊन वयानुसार ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा, दोन लागोपाठच्या दिवशी, द्यायच्या असतात. त्यांनी डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. देवीचा कोप म्हणून औषध न देणे आणि खाणेपिणे तोडणे यात अजूनही मुले हकनाक जातात. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान चुकवू नये.

घरगुती उपायांकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांपैकी मी नाही. मऊ भात, पेज, मध, मायेने चोळलेले तेल यांत आपल्या आज्या-पणज्यांचा अनुभव आहे. पण काही उपाय इजा करतात आणि त्यांना परंपरा म्हणून सूट देता येत नाही. बाळाच्या नाकात तेल सोडल्याने ते फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आंघोळीनंतर शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी देताना बाळ तो धूर श्वासातून घेते. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर आकडी येऊ शकते, म्हणून कापराची पुरचुंडी बाळाच्या हाती लागेल अशी ठेवू नये आणि कापूर असलेली मलमे दोन वर्षांखालील मुलांना लावू नयेत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाफ देताना भाजल्याच्या घटना घडतात. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याचा ‘डंबा’ अजूनही बातम्यांत येतो. तिथल्या आयांना दोष देण्याआधी त्यांच्या पाड्यापासून दवाखाना किती दूर आहे हे आपण पाहिले पाहिजे. शहरातल्या शिकलेल्या घरात उरलेले प्रतिजैविक शेजारणीच्या सल्ल्याने देणे मला तितकेच गंभीर वाटते.

वयाचा विचार न करता काही लक्षणे अशी आहेत की ती दिसताच निघायचे असते: मूल काहीच पीत नाही, घेतलेले सारे उलटून टाकते, आकडी येते, जागे केले तरी जागे होत नाही, मान ताठरते, किंवा अंगावर दाबूनही न मावळणारे जांभळे ठिपके उठतात. निघताना तान्ह्या बाळाला छातीशी धरून उबदार ठेवावे, वाटेत अंगावर पाजावे, आणि जुलाब असतील तर ओआरएसची बाटली आणि चमचा हातात ठेवून पाजत जावे. सोबत लसीकरणाचे कार्ड आणि घरात दिलेल्या सर्व औषधांच्या बाटल्या घ्याव्यात. एका कागदावर ताप किती वाजता किती होता, कोणते औषध किती मिलिलिटर कधी दिले, शेवटची लघवी कधी झाली, किती जुलाब आणि उलट्या झाल्या आणि शेवटच्या वेळी मोजलेले श्वास किती होते, एवढे लिहून घ्यावे. घाबरलेल्या माणसाला दारात पोहोचल्यावर यातले बरेच आठवत नाही, आणि डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत नेमके हेच विचारतात.